मूल ऐकत नाही, दोष कुणाचा? वैद्यकशास्त्राने बदललेली उत्तरं

"डॉक्टर, आमचं कुठे चुकलं?"

चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. मूल एका जागी बसत नाही, बालवाडीतून रोज तक्रार येते, हवं ते मिळालं नाही की जमिनीवर लोळण घेतं, डोकं आपटतं, दुसऱ्या मुलांना चावतं. किंवा याच्या अगदी उलट: कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, गाडीचं एकच चाक तासभर फिरवत बसतं. दवाखान्यात येईपर्यंत घरात निकाल लागलेला असतो. सासूबाई म्हणतात, आईने लाडावून ठेवलंय. आईच्या माहेरचे म्हणतात, बाप घरात असतोच कुठे? शेजारी म्हणतात, दोन रट्टे द्या, सरळ होईल. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकून झालेल्या असतात.

असा निकाल देण्यात आम्ही डॉक्टर मंडळीही मागे नव्हतो. गेल्या शतकात आईवर सर्वांत जड आरोप केला तो वैद्यकशास्त्रानेच, आणि तो मागे घ्यायला वीस-पंचवीस वर्षं घेतली. त्या आरोपाचे उरलेसुरले तुकडे आजही आपल्या घरांत ऐकू येतात, म्हणून तो इतिहास तुम्हाला माहीत असायला हवा.

आधी मूलच वाईट होतं

जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात हाइनरिश हॉफमन नावाचे डॉक्टर होते. १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी त्यांना मनासारखं चित्रपुस्तक मिळेना, तेव्हा कोरी वही घेऊन त्यांनी स्वतःच चित्रं काढली आणि कविता लिहिल्या. 'श्ट्रुवेलपेटर' हे ते पुस्तक. त्याच्या पुढच्या एका आवृत्तीत चुळबुळ्या फिलिप आला. जेवणाच्या टेबलाशी हा मुलगा खुर्ची झुलवतो, वडील दटावतात, आई बघत राहते, आणि शेवटी फिलिप टेबलक्लॉथसकट सगळं जेवण अंगावर घेऊन खाली कोसळतो. आज कुणीही बालमानसोपचारतज्ज्ञ ते चित्र बघून एडीएचडीची आठवण काढेल. हॉफमन यांच्या पुस्तकात मात्र ती खोडकर मुलाला मिळालेली शिक्षा आहे. पुढे हेच हॉफमन फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले.

१९०२ च्या मार्च महिन्यात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी तीन व्याख्यानं दिली. लहान मुलांच्या सांध्यांच्या एका आजाराला ज्यांचं नाव आहे तेच हे स्टिल. त्यांनी अशा वीस मुलांबद्दल सांगितलं जी बुद्धीने चांगली होती, पण रागाच्या भरात काहीही करत, लक्ष टिकवू शकत नसत आणि शिक्षेचा ज्यांच्यावर काही उपयोग होत नसे. त्यांत १५ मुलगे आणि ५ मुली होत्या. स्टिल यांनी याला दिलेलं नाव आज कानाला खटकतं: नैतिक नियंत्रणाचा अभाव. पण त्यांनी एक मोलाची गोष्ट केली. नुसत्या वाईट संगोपनाने हे समजावता येत नाही, याचं मूळ शरीरात असावं, असं त्यांनी मांडलं.

त्याला पुरावा मिळाला तो एका साथीमुळे. १९१७ च्या सुमारास युरोपात आणि नंतर अमेरिकेत मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली आणि सुमारे दहा वर्षं रेंगाळली. त्यातून वाचलेली काही मुलं पार बदलून गेली. कालपर्यंत शहाणी, शांत असलेली मुलं रात्रभर जागू लागली, मारामाऱ्या करू लागली, त्यांना आवरणं कठीण झालं. आईबाप तेच, घर तेच, संस्कारही तेच होते. बदलला होता तो मेंदू.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ब्रॅडली नावाचं एक श्रीमंत जोडपं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी एमा सातव्या वर्षी मेंदूज्वराने आजारी पडली आणि कायमची अपंग झाली. तिच्यासारख्या मुलांना जायला जागा नाही हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं आणि आपली मालमत्ता अशा मुलांच्या रुग्णालयासाठी ठेवली. १९३१ मध्ये ते सुरू झालं. तिथे १९३७ साली त्याच कुटुंबातल्या डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं. चंचल मुलं आणखी चेकाळतील असं कुणालाही वाटलं असतं. घडलं उलटं. १४ मुलांचं शाळेतलं काम थक्क व्हावं इतकं सुधारलं. एडीएचडीवर आज जी औषधं वापरतात, त्यांच्या कहाणीची ही सुरुवात.

इतकं हाती आल्यावर वैद्यकशास्त्र सरळ वाटेने पुढे जायला हवं होतं. पण झालं भलतंच.

मग आई दोषी ठरली

त्याच काळात अमेरिकेत जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाचा मोठा बोलबाला होता. १९२८ च्या त्यांच्या पुस्तकात सल्ला होता की मुलांना कुशीत घेऊ नका, त्यांचे मुके घेऊ नका, सकाळी फार तर हस्तांदोलन करा. आईची माया मुलाला बिघडवते असं त्यांचं मत होतं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत वारं फिरलं आणि आई पुरेशी माया करत नाही म्हणून मूल बिघडतं असं म्हटलं जाऊ लागलं. आरोप बदलला, आरोपी तीच राहिली.

१९३८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांकडे मिसिसिपी राज्यातून एक पत्र आलं. पाच वर्षांच्या डोनाल्डच्या वडिलांनी मुलाविषयी ३३ पानं टाइप करून पाठवली होती. तो काय खातो, कसं बोलतो, कशात रमतो, कशाने बिथरतो, सगळं त्यात होतं. त्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून या आईवडिलांनी डोनाल्डला जवळपास वर्षभर घरापासून दूर एका संस्थेत ठेवलं होतं आणि मग स्वतः जाऊन परत आणलं होतं. डोनाल्ड आणि आणखी दहा मुलं यांच्यावर कॅनर यांनी १९४३ मध्ये जो लेख लिहिला, त्यातून ऑटिझम हे निदान जन्माला आलं.

त्या लेखाच्या शेवटी कॅनर यांनी स्पष्ट म्हटलं होतं की ही उणीव जन्मजात आहे. पण ओघात आणखी एक निरीक्षण नोंदवलं, की या मुलांचे आईवडील फार हुशार, उच्चशिक्षित आहेत आणि त्यांच्यात मनमोकळी माया असलेले थोडेच. डोनाल्डच्या वडिलांनी इतकी बारीकसारीक माहिती लिहिली, यातही त्यांना वडिलांचा कीस पाडण्याचा स्वभाव दिसला! बिचाऱ्या बापाने डॉक्टरला मदत व्हावी म्हणून लिहिलं होतं. आणि १९४० च्या सुमारास मिसिसिपीहून बाल्टिमोरच्या तज्ज्ञापर्यंत पोचणारे आईवडील शिकलेलेच असणार. शेतमजुराचं मूल तिथे पोचतच नव्हतं. ही साधी गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. १९४९ मध्ये कॅनर यांनी अशा घरांना न वितळणाऱ्या फ्रिजची उपमा दिली. पुढे 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणजे बर्फासारखी थंड आई, हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी बसला.

शिकागोत ब्रुनो बेटलहाइम यांनी तो टोकाला नेला. हे गृहस्थ नाझींच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत आले होते. त्यांची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली होती. मुलांसाठीच्या एका निवासी शाळेचे ते प्रमुख झाले. १९६७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ऑटिझम असलेल्या मुलाची तुलना छळछावणीतल्या कैद्याशी केली. मूल कैदी असेल तर पहारेकरी कोण, हे वाचकाने समजून घ्यायचं. उपाय म्हणजे मुलाला आईवडिलांपासून दूर करणं. पुस्तक खपलं, गाजलं. बेटलहाइम यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या शाळेतल्या माजी मुलांनी तिथे मार खाल्ल्याच्या हकिकती जाहीरपणे सांगितल्या, पण तो खूप पुढचा भाग झाला. तोवर असंख्य आयांनी आपणच मुलाला आजारी केलं असं मानून आयुष्य काढलं. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीतही त्या काळात आईलाच कारण ठरवलं गेलं होतं. मला विचाराल तर पुराव्याशिवाय केलेला हा आरोप चुकीच्या औषधाइतकाच घातक होता.

एका बापाचं पुस्तक

बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. १९५६ मध्ये त्यांना मुलगा झाला. तो सतत रडे, कुशीत घेतलं तरी शांत होत नसे. त्याला ऑटिझम आहे हे कळल्यावर रिमलँड यांनी त्या विषयावर जे छापलं गेलं होतं ते सगळं वाचायचा सपाटा लावला. आई कारणीभूत असल्याचा पुरावा ते शोधत होते. तो त्यांना सापडला नाही. त्याच आईची बाकीची मुलं ठणठणीत असतात, मुलींपेक्षा मुलग्यांत हा त्रास कितीतरी जास्त दिसतो, काही लक्षणं अगदी तान्हेपणापासून असतात. थंड आईच्या सिद्धांतात यातलं काहीच बसत नव्हतं. १९६४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्याची प्रस्तावना लिहिली खुद्द कॅनर यांनी. पुस्तकाच्या शेवटी एक प्रश्नावली होती. देशभरातून आईवडिलांनी ती भरून पाठवली आणि १९६५ मध्ये रिमलँड यांनी इतर पालकांसोबत त्यांची संघटना उभी केली.

त्याच संघटनेच्या सभेत, १९६९ मध्ये, वॉशिंग्टनला कॅनर बोलायला उभे राहिले. आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला असं सांगून त्यांनी समोर बसलेल्या आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. विपर्यास झाला हे अर्धंच खरं, फ्रिज त्यांनीच आणला होता. तरीही भरसभेत असं म्हणणारे डॉक्टर फार नसतात.

१९७७ मध्ये ब्रिटनमधून सूझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांचा जुळ्यांचा अभ्यास आला. ११ एकसारख्या जुळ्या जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगवेगळ्या दिसणाऱ्या १० जोड्यांत एकाही जोडीत दोघांना नव्हता. घर एकच आणि आईही एकच असताना हा फरक आनुवंशिकतेकडे बोट दाखवत होता. एडीएचडीत तर आनुवंशिकतेचा वाटा उंचीच्या जवळपास जाईल इतका मोठा आहे, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. त्यामुळे चंचल मुलाला तपासताना "याचा बाबा लहानपणी अस्साच होता" असं आजी हसत सांगते, तेव्हा ती निदानाला मदतच करत असते.

एक सावधगिरीही हवी. सततची मारहाण, घरातलं दारूचं व्यसन, आईवडिलांची रोजची भांडणं, मुलाकडे पूर्ण दुर्लक्ष यांनी मुलांच्या मनावर खोल परिणाम होतो, हे निर्विवाद आहे. पण त्यामुळे प्रत्येक चंचल किंवा अबोल मुलाच्या मागे असं घर असतं, हा निष्कर्ष निघत नाही.

आपल्याकडे काय चाललं होतं

ब्रॅडली यांचा प्रयोग झाला त्याच १९३७ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने मुलांसाठी चाइल्ड गाइडन्स क्लिनिक सुरू केलं. देशातल्या अशा अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी ते एक. ही संस्था म्हणजे आजची 'टिस', टाटा समाजविज्ञान संस्था. पुढे १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक वेगळी वाट काढली. रुग्णाच्या नातेवाइकांना त्यांनी आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं आणि त्यांच्याशी रोज बोलून आजार समजावून सांगितला. नोकरवर्ग अपुरा होता, हेही त्यामागचं कारण. ते रुग्ण मोठ्या वयाचे होते, पण विचार बघा: शिकागोत कुटुंबाला उपचाराबाहेर ठेवत होते आणि अमृतसरात कुटुंबाला उपचारात घेत होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबाला सोबत ठेवण्याची पद्धत रुळवली. आपल्या एकत्र कुटुंबाची आपण हौसेने उणीदुणी काढतो, पण इथे ते उपयोगाला आलं.

घरात जाऊन पाहिलेलं

आईला निर्दोष ठरवलं, पण घरातला रोजचा गोंधळ तर थांबला नव्हता. त्यावर उत्तर शोधणाऱ्यांनी कारणाचा वाद बाजूला ठेवला.

न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर जोडप्याने १९५६ पासून शंभराहून जास्त बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं की बाळं स्वभाव घेऊनच येतात. सुमारे ४० टक्के बाळं सोपी, १५ टक्के नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी आणि १० टक्के अवघड: झोप-भुकेची वेळ नाही, बदल सोसत नाही, रडणं मोठं. बाकीची कुठल्याच गटात नीट न बसणारी. त्यांचं खरं योगदान पुढे आहे. मूल अवघड असलं म्हणजे पुढे बिघडतंच असं नाही. घराच्या अपेक्षा आणि मुलाचा स्वभाव यांचा मेळ बसतो की नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटर्सन या मानसशास्त्रज्ञाने निरीक्षकांना थेट लोकांच्या घरी पाठवलं. दर काही सेकंदांनी कोण काय करतं याची नोंद घेतली. त्यातून जे दिसलं ते आपल्या घरातलं उदाहरण घेऊन सांगतो. आई म्हणते, "मोबाइल ठेव आता." मूल किंचाळतं. आई आवाज चढवते. मूल मोबाइल फेकायचा आव आणतं, लाथा झाडतं. पाहुणे बसलेले, आई दमलेली. "घे बाबा, पाच मिनिटं बघ." घर शांत.

यात काय झालं? किंचाळल्यावर मोबाइल मिळतो हे मूल शिकलं. दिला की शांतता मिळते हे आईही शिकली. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणून दोघंही उद्या तेच करणार. कधी आईने जोरात धपाटा घातला आणि मूल तेवढ्यापुरतं गप्प झालं, तर धपाट्यालाही बक्षीस मिळालं. पुढच्या वेळी तो आधी पडणार आणि जास्त जोरात. असं दिवसातून वीस वेळा होतं. मूळचं मूल चंचल किंवा तापट असेल तर चाळीस वेळा. या फासात कुणी वाईट नसतं. मुलाच्या स्वभावामुळे घर थकतं आणि थकलेल्या घरामुळे मुलाचं वागणं आणखी बिघडतं.

हा फास सोडवायला १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पालक-प्रशिक्षणाच्या पद्धती तयार झाल्या. त्याच राज्यातल्या कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी दोन टप्पे सुचवले. पहिल्या टप्प्यात आईने मुलाशी मूल म्हणेल तसं खेळायचं, सूचना करायच्या नाहीत, प्रश्न विचारायचे नाहीत. जे चांगलं चाललंय ते बोलून दाखवायचं. दुसऱ्या टप्प्यात थोड्याच, स्पष्ट आज्ञा द्यायच्या आणि त्या शेवटास न्यायच्या. काही केंद्रांत आजही तज्ज्ञ काचेमागे बसतो आणि आईच्या कानातल्या फोनवर हळूच सांगत राहतो. क्रम महत्त्वाचा आहे. आपण शिस्तीपासून सुरुवात करतो. इथे आधी बिघडलेलं नातं सावरायचं आणि मग वळण लावायचं.

आज डॉक्टरकडे गेल्यावर

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सहा वर्षांच्या आतल्या मुलाला एडीएचडी असेल तर पहिला उपचार म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. त्याने पुरेसा फरक पडला नाही तर औषधाचा विचार. अनेक आईवडिलांना हे ऐकून राग येतो: "म्हणजे पुन्हा दोष आमचाच?" नाही. मधुमेह झालेल्या मुलाची आई इन्सुलिन द्यायला शिकते, तेव्हा मधुमेह तिच्यामुळे झाला असं आपण म्हणत नाही. ऑटिझममध्येही जितक्या लवकर घरच्यांना खेळ, संवाद आणि बोलण्याचं प्रशिक्षण मिळेल तितकं चांगलं. निदानाचा कागद हातात येईपर्यंत थांबू नका.

नवे आरोपी सारखे येत असतात. लसीमुळे ऑटिझम होतो हा दावा १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. २०१० मध्ये तो लेख मासिकाने रद्द केला आणि त्याच्या लेखकाचा परवानाही गेला. तरी लस चुकवलेली मुलं मला अजून भेटतात. सध्या पाळी मोबाइलची आहे. लहान मुलाच्या हातात मोबाइल नको, त्याने बोलणं आणि झोप बिघडते, हे मी रोज सांगतो. पण मोबाइल दाखवल्याने ऑटिझम झाला, असं म्हणून आईला रडवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

मुलाची ऐकण्याची तपासणी आधी करून घ्या. कमी ऐकू येणारं मूल हट्टी किंवा अबोल ठरतं. रक्तातलं लोह कमी असणं, थायरॉइड, ॲडेनॉइडमुळे घोरणं आणि मोडलेली झोप, फिट्सचा एखादा लपलेला प्रकार, हेही बघायला लागतं. मोठ्या शहरात डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन आणि बालमानसोपचारतज्ज्ञ मिळतात. जिल्ह्यात राहणाऱ्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमध्ये झाली. अंगणवाडी-शाळेत तपासणी करणारं पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. पथक येईपर्यंत वाट बघायची नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आईवडिलांचाच धीर खचला असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

आणि जाताना डोनाल्डच्या वडिलांसारखी ३३ पानं नकोत, पण एक पान नक्की लिहून न्या. मूल पहिला शब्द कधी बोललं, हाकेला कधीपासून वळत नाही, दिवसातून किती वेळा बिथरतं, त्याच्या आधी काय घडतं आणि नंतर घरचे काय करतात. बालवाडीच्या ताईंनाही चार ओळी लिहून द्यायला सांगा. शक्य असेल तर वागण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्यात अनोळखी खुर्चीवर बसलेलं मूल बऱ्याचदा अगदी शहाण्यासारखं वागतं.